बळद आणि पेटी

आमच्या घरांत एका पेटीसंबंधानें आठ महिने विचार चालला होता, आणि तो कांहीं केल्या संपत नाहीं असें पाहून शेजारी हंसूं लागले होते. पेटी म्हणजे दूरचित्रवाणीच्या संचाखालीं ठेवतात ती. कार्यक्रम आकाशांतून उतरवून घेणारी, आणि सांगितल्यास तो आपल्या पोटांत सांठवून ठेवणारी. जुनी पेटी कुरकुर करूं लागली होती. नवी घ्यावी तर कोणती घ्यावी. तिच्याबरोबर कोणाची वर्गणी घ्यावी. कीं पेटी आणि वर्गणी या दोहोंसही निरोप द्यावा, असा तो प्रश्न. मुलीचें स्थळ पाहतांना देखील आम्हीं इतके दिवस घेतले नव्हते, असें आमचें कुटुंब म्हणतें, आणि तें खरें आहे. परंतु मुलीच्या वेळीं काय पाहावयाचें हें आम्हांस ठाऊक होतें. येथें आपण नक्की काय निवडीत आहों हेंच आम्हांस फार उशिरां कळलें. तें कसें कळलें हें सांगितलें असतां, अशाच प्रसंगीं सांपडलेल्या एखाद्या वाचकाचा थोडा वेळ व थोडे पैसे वांचतील, या आशेनें हें लिहीत आहों.

आमचें गांव नायगांव. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. रस्ता तसाच पुढें तेलंगणांत जातो, आणि त्याच्याबरोबर भाषाही जातात व येतात. बिलोली-देगलूरकडील बाजारांत मराठी, तेलुगु, कानडी आणि दखनी उर्दू या चारी भाषा एकाच तागडींत तोलल्या जातात. आमच्या मातोश्रींचें माहेर बोधनकडचें. निजामाच्या अमलांत नायगांव आणि बोधन हीं एकाच राज्यांतलीं गांवें होतीं; त्यांच्यामध्यें सीमा आली ती १९५६ सालीं, भाषावार प्रांतरचना झाली तेव्हां. त्यामुळें आई विठ्ठलाशीं मराठींत बोले, आणि चुलीपाशीं बोट भाजलें तर तेलुगूंत ओरडे. ही गोष्ट येथें उगीच सांगत नाहीं; पुढें वर्गणीच्या हिशोबांत ती यावयाची आहे.

हिंदुस्थानांत दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला आणि मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. पण आमच्या घरीं संच आला तो १९८७ सालीं, रामायणाच्या निमित्तानें. त्या वर्षाच्या २५ जानेवारीपासून दर रविवारीं सकाळीं ती मालिका लागूं लागली, आणि उन्हाळा लागण्याच्या आंत आम्हीं मास्तरकीच्या पगारावर हप्ते बांधून एक कृष्णधवल संच घेतला. प्रक्षेपणाचा मनोरा दूर. छपरावर उंच बांबू उभारून त्यावर ॲन्टेना बांधावी, एकानें वर चढून ती फिरवावी, दुसऱ्यानें अंगणांतून "आलं, गेलं" असें ओरडावें, आणि तरीही चित्रापेक्षां मुंग्याच अधिक दिसाव्या, असा तो काळ होता. तरी रविवारीं आमच्या ओसरीवर पन्नास माणसें बसत. आई दाराशीं पाण्याचा माठ भरून ठेवी. ज्यास रानांत पाणी द्यावयाचें असे, तो संध्याकाळीं येऊन "काय झालं आज?" असें विचारी, आणि आई त्यास सगळी कथा सांगे. ती जें सांगे त्यांत निम्में मालिकेंतलें असे व निम्में तिच्या स्वतःच्या ऐकिवांतलें. पण ऐकणारा तृप्त होऊन जाई. चुकलेला कार्यक्रम पुन्हां मिळविण्याचें आमच्या घरांतील पहिलें साधन तें.

यंत्रांनीं हें काम त्याच सुमारास दुसरीकडे हातीं घेतलें होतें. फितीवर कार्यक्रम उतरवून घेणारीं बीटामॅक्स व व्हीएचएस हीं घरगुती यंत्रें जपानांत १९७५-७६ सालीं निघालीं. लोक त्यांवर कार्यक्रम उतरवूं लागले तेव्हां अमेरिकेंतील चित्रपट कंपन्यांनीं दावा लावला. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, आपल्या सोयीच्या वेळीं पाहण्यासाठीं घरीं कार्यक्रम उतरवून घेणें बेकायदेशीर नव्हे. एका मतानें हा हक्क वांचला. आमच्या गांवांत मात्र त्या यंत्राचा उपयोग उतरविण्याकडे झालाच नाहीं. व्हीसीआर भाड्यानें येई, गणपतींत किंवा लग्नघरीं रात्रभर ओळीनें चित्रपट लागत, आणि उजाडतां उजाडतां तो परत जाई. पुढें १९९९ सालीं अमेरिकेंत फितीऐवजीं संगणकाच्या तबकडीवर कार्यक्रम सांठविणारी पेटी विकावयास आली. आणि उपग्रहावरून थेट घरांत येणाऱ्या सेवेबरोबर तशी पेटी आपल्याकडे २००८ सालीं मिळूं लागली.

या पेटीची रचना मोठी नाहीं. छत्रींतून येणारा कार्यक्रम हा मुळांत आंकड्यांचा प्रवाह असतो. पेटी तो तबकडीवर लिहून ठेवते. उत्तम प्रतीच्या चित्राचा एक तास सुमारें साडेतीन-चार गिगाबाइट जागा खातो. साधें चित्र त्याच्या तिसऱ्या हिश्शांत मावतें. म्हणजे पांचशें गिगाबाइटांच्या तबकडींत पहिल्या प्रकारचे सवाशें-दीडशें तास बसतात. मात्र चालू कार्यक्रम वाटेल तेव्हां थांबवितां यावा म्हणून, पेटी चालू असेपर्यंत ही तबकडी सारखी फिरतच असते. तिला विसांवा नाहीं, आणि म्हणून तिचें आयुष्यही बेताचेंच. ही गोष्ट आम्हांस विकत घेतांना कोणी सांगितली नाहीं. सहा वर्षांनीं आमची आम्हांस कळली.

वर्गणीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. भारतांत उपग्रहावरून थेट घरांत येणारी सेवा २००३ सालीं सुरू झाली. दूरदर्शनची विनावर्गणीची छत्री १६ डिसेंबर २००४ रोजीं आली. तीच आज डीडी फ्री डिश या नांवानें ओळखली जाते. आमच्या मराठवाड्यांतही, आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीनें, २००९ सालीं अशी सेवा काढली, आणि २०१८ सालीं ती डिश टीव्हींत विलीन झाली. केबलवाल्याच्या तारेलाही पेटी सक्तीची झाली. २०१२ सालीं चार महानगरांपासून आरंभ होऊन २०१७ च्या मार्चअखेर तो नियम खेड्यांपर्यंत पोंचला. सरतेशेवटीं १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा नवा दर-नियम अमलांत आला. शंभर वाहिन्यांपर्यंत जाळ्याचें भाडें महिना १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, मिळून १५३ रुपये ४० पैसे. आणि त्यापुढें जी वाहिनी पाहिजे असेल तिचे तिच्या छापील किंमतीप्रमाणें वेगळे पैसे. पुढें २०२० सालीं त्याच भाड्यांत दोनशें वाहिन्या द्याव्या असें ठरलें, आणि २०२४ च्या जुलैंत भाड्यावरील कमाल मर्यादाच उठविली गेली.

ज्यांस हें सारें नवें संकट वाटतें त्यांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, रेडिओचा परवाना देखील एके काळीं पोस्टांत पैसे भरून दर सालीं नवा करून आणावा लागे. ऐकण्या-पाहण्याचे पैसे देणें आपल्याकडे नवें नाहीं. नवें काय आहे तें पुढें येईल.

आम्हीं पेटी घेतली ती २०१९ च्या उन्हाळ्यांत. घरांत बैठक बसली. कुटुंबास दोन मालिका पाहिजे होत्या, आम्हांस बातम्या, पुण्याहून सुटींत येणाऱ्या नातवास क्रिकेट. आई तेव्हां चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तिला संध्याकाळचें कीर्तन, दूरदर्शनची सह्याद्रि वाहिनी आणि एक तेलुगु वाहिनी, एवढेंच पाहिजे होतें. दुकानदाराजवळ गठ्ठे बांधलेले होते: मराठीचा गठ्ठा, हिंदीचा गठ्ठा, तेलुगूचा गठ्ठा. मराठी घरांतल्या म्हातारीस एकच तेलुगु वाहिनी पाहिजे असेल, ही कल्पना ज्यानें गठ्ठे बांधले त्याच्या स्वप्नांतही आली नव्हती. परंतु नव्या नियमानें सुटी वाहिनी मागण्याचा हक्क आम्हांस दिला होता. बोधनच्या लेकीला डोळ्यांपुढें ठेवूनच प्राधिकरणानें हा नियम केला असावा, असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें.

सांठवणारी पेटी मात्र केवळ आईसाठीं घेतली. गुडघे चालत होते तोंवर ती पंढरीस पायीं गेली, पुढें एस. टी. नें गेली, आणि तेंही थांबलें तेव्हां आषाढी एकादशीची महापूजा सह्याद्रीवर पाहूं लागली. ही पूजा पहाटे सव्वादोन-अडीचच्या सुमारास होते आणि ती थेट दाखवितात. इतक्या रात्रीं म्हातारीनें उठूं नये, यंत्रानें उठावें, असा आमचा सद्हेतु. आतां रात्रीं लाईट गेली तर यंत्र तरी कसें उठणार? म्हणून इन्व्हर्टर आला. इन्व्हर्टरला बॅटरी आली. बॅटरी ठेवावयास लोखंडी मांडणी आली. नाल सांपडली म्हणून घोडा घेणाऱ्या गृहस्थास आम्ही यापूर्वीं हंसत असूं. तेव्हांपासून हंसत नाहीं.

१२ जुलै २०१९ रोजीं आषाढी होती. आम्हीं आदल्या संध्याकाळीं पेटीस वेळ लावून दिली आणि झोंपलों. अडीच वाजतां जाग आली तों संच चालू, समई लावलेली, आणि आई स्नान करून समोर बसलेली. "तें आपोआप पेटींत उतरतें आहे, तूं कशाला उठलीस?" असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "ते पेटीत बसंल तवा बसंल. पूजा तर आता चाललीय न्हवं?" सकाळीं दहा वाजतां आळींतल्या बायका जमवून तिनें तीच पूजा पेटींतून पुन्हां लावावयास लाविली, आणि कौतुकानें म्हणाली, "पांडुरंगाला बळदात घातलंस म्हण की!"

बळद हा शब्द शहरांतील तरुण वाचकांच्या कानांवरून गेला नसेल. आमच्याकडील जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती हातभर नव्हे, दोन दोन हात रुंद असत, आणि त्या भिंतींच्या पोटांत धान्य सांठविण्याची जागा असे. वरून ज्वारी ओतावयाची, कीड लागूं नये म्हणून मधून मधून निंबाचा पाला घालावयाचा, आणि तोंड शेणामातीनें लिंपून टाकावयाचें. खालीं एक लहान भोंक. त्याचा बोळा काढला कीं लागेल तेवढी ज्वारी सुपांत घ्यावी. आमच्या जुन्या घरीं असें एक बळद होतें. १९७२ च्या दुष्काळांत वडिलांनीं तें उघडलें, आणि आमच्याबरोबर शेजारच्या दोन घरांनीं त्यावर दिवस काढले. आईच्या दृष्टीनें सांठवण या शब्दाचा अर्थ तो होता.

पुढच्या वर्षीं टाळेबंदी आली. चिरंजीव सून व नातू यांसह पुण्याहून निघून आले. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननें तेंच जुनें रामायण पुन्हां दाखविण्यास आरंभ केला, आणि आईनें तें दुसऱ्यांदा पाहिलें. आतां चित्रांत मुंग्या नव्हत्या. चित्र आरशासारखें होतें. परंतु पन्नास माणसांच्या जागीं आम्ही सहाजण, आणि ओसरीचें दार लावलेलें. नातू पेटीच्या जोरावर मध्येंच मालिका थांबवून पाणी प्यावयास जाई. "रामाला हुबा करून ठेवतोस व्हय रे?" असें म्हणून आई त्याच्यावर रागावे. थांबवितां येणें ही तिला सोय वाटली नाहीं. तो तिला अविनय वाटला.

१ जुलै २०२० ची आषाढी ज्यांनीं पाहिली ते ती विसरणार नाहींत. वारी भरली नव्हती. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाड्यांतून पंढरीस आणल्या होत्या. नगरांत संचारबंदी होती, आणि महापूजा झाली ती मोजक्या माणसांत. आई त्याही पहाटे उठली. आम्ही सारेच उठलों. पेटी आपलें काम करीत होती.

२० जुलै २०२१ च्या आषाढीस आमच्याकडे पाऊस होता. उपग्रह सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. तेथून येणाऱ्या या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास. एवढ्या आंखूड लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात व विखुरतात, म्हणून जोराची सर आली कीं चित्र तुकडे तुकडे होऊन थांबतें. जें उतरलेंच नाहीं तें पेटी कोठून सांठविणार? त्या पहाटे ऐन अभिषेकाच्या वेळीं पडदा निळा झाला तो दहा मिनिटें तसाच. आम्ही चडफडलों. आई म्हणाली, "पडू दे. पेरण्या झाल्यात." आणि हात जोडून निळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

पुढील माघांत ती गेली.

तेरा दिवसांत कोणास वर्गणी भरण्याची शुद्ध नव्हती. चौदाव्या दिवशीं कोणीसा संच लाविला. वाहिन्या बंद होत्या, त्याचें कांहीं वाटलें नाहीं. परंतु पेटींतील यादी उघडली तेव्हां आईसाठीं सांठविलेलीं एकसष्ट नांवें ओळीनें दिसलीं. तीन आषाढ्या, रामायणाचे कांहीं भाग, कीर्तनें, तेलुगु मालिकेचे तिनें अद्यापि न पाहिलेले अठरा भाग. एकावर बोट ठेवलें. उत्तर आलें कीं, आपली वर्गणी संपली आहे. दुसऱ्यावर ठेवलें, तेंच उत्तर. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पैसे भरले आणि सारें पूर्ववत् उघडलें.

त्या दिवशीं आम्हांस पेटीचें मर्म कळलें. तबकडी आमच्या घरांत, वीज आमची, इन्व्हर्टर आमचा. परंतु तबकडीवर लिहिलेलें सारें सांकेतिक लिपींत असतें, आणि तिची किल्ली महिन्याच्या महिन्याला कंपनीकडून येते. किल्ली एका पेटीपुरतीच असते, म्हणून सांठा दुसऱ्या पेटींत ओततां येत नाहीं. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीकडे चालतही नाहीं. ती चालावी अशी शिफारस नियामक प्राधिकरणानें २०२० सालीं केली, पण तशी पेटी आमच्या गांवच्या दुकानांत अद्यापि आलेली नाहीं. चित्रपट व मालिका यांची चोरी होऊं नये म्हणून हा बंदोबस्त आहे, आणि तो अगदींच अन्यायाचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण मग यास सांठवण म्हणूं नये. बळदांतली ज्वारी खाण्यासाठीं वडिलांस दर महिन्यास कोणाच्या दारीं जावें लागलें नव्हतें.

हें कळूनही आम्हीं पुढें तीन वर्षें वर्गणी भरली. महिना सुमारें तीनशें रुपये, म्हणजे वर्षाचे तीन हजार सहाशें. घरांत संच फारसा लागत नव्हता. तेलुगु वाहिनी कोणी ऐकत नव्हतें, तरी ती काढून टाका असें म्हणण्यास कोणाची जीभ रेटली नाहीं. आम्ही वर्गणी भरीत होतों ती त्या एकसष्ट नांवांसाठीं. आणि त्यांपैकीं एकही आम्हीं तीन वर्षांत लावून पाहिलें नाहीं. केव्हां तरी पाहूं, एवढ्या समजुतीवर माणूस पुष्कळ पैसे भरूं शकतो.

गेल्या दिवाळीनंतर पेटींतून टक्-टक् असा आवाज येऊं लागला. कारागीर आला, कान लावून ऐकता झाला आणि म्हणाला, "सर, डिस्क गेली समजा. नवा बॉक्स देतो, पण जुनं काही त्यात येणार नाही." येथून आमचे आठ महिने सुरू झाले.

मार्ग तीन होते. पहिला, पुन्हां वर्गणीची सांठवणारी पेटी घेणें. तिच्यांत सोय सर्वांत अधिक. पण किल्ली पुन्हां परक्या हातीं, आणि पांच-सहा वर्षांनीं हाच प्रसंग. दुसरा मार्ग चिरंजीवांचा. ते पुण्याहून सांगत, "अण्णा, आता कोणी रेकॉर्ड करत नाही. इंटरनेट घ्या. मागाल तेव्हा मागाल ते मिळतं." यांत तथ्य आहे. परंतु दुसऱ्याच्या कोठारांतून मागून घेणें तें. आज यादींत दिसणारा चित्रपट उद्यां करार संपल्यावर दिसत नाहीं, हें त्यांच्याच घरीं आम्हीं पाहिलें आहे. शिवाय आमच्या आळींत तार तुटली म्हणजे ती जोडणारा माणूस कोणत्या दिवशीं येईल हें पंचांगांतही सांपडत नाहीं. तिसरा मार्ग, दूरदर्शनची विनावर्गणीची छत्री. एकदां छत्री व पेटी घेतली कीं महिन्याचा खर्च नाहीं. दूरदर्शनच्या सर्व वाहिन्या, त्यांत आपली सह्याद्रि आणि तेलंगणची यादगिरी, आणि कांहीं खाजगी वाहिन्या तींत येतात. वर्गणीच्या लोकप्रिय मालिका बहुतेक येत नाहींत. या सेवेच्या पुष्कळशा साध्या पेट्यांस मागें एक खांच असते. तींत पेन-ड्राइव्ह लावला कीं चालू कार्यक्रम त्यावर उतरतो, आणि किल्लीचा प्रश्न फारसा येत नाहीं. पेटी घेण्यापूर्वीं दुकानांतच पेन-ड्राइव्ह लावून, कार्यक्रम उतरवून, तो पुन्हां लावून पाहावा, एवढी सूचना आम्ही वाचकांस करूं.

कागदावर तिसरा मार्ग सर्वांत शहाणपणाचा दिसत होता. तरी आमचा हात पुढें होईना, कारण जुन्या पेटीस निरोप देणें म्हणजे आईच्या तीन आषाढ्यांस निरोप देणें, असें मनांत बसलें होतें.

या मे महिन्यांत नातू आला. आतां तो महाविद्यालयांत जातो. त्यास आम्हीं विचारलें कीं, निदान २०२० ची महापूजा पडद्यावर लावून तुझ्या मोबाईलनें तिचें चित्र घेतां येईल काय? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आजोबा, ते माझ्याकडे आहे. त्याच दिवशीचं." टाळेबंदींतल्या त्या पहाटे त्यानें सहज मोबाईल समोर धरला होता. त्यानें तें लावून दाखविलें. पुरा दीड मिनिटही नाहीं. हात हालतो आहे, पडदा पांढराफटक दिसतो आहे, विठ्ठलाची मूर्ति ओळखूं येत नाहीं. आणि त्यांतून आईचा आवाज येतो, "लोक कुठं गेले रे?" कोणी उत्तर देत नाहीं. मग ती हळूच कांहीं तेलुगूंत बोलते. तें कोणासच समजलें नाहीं. बोधनकडील एका परिचितांस ऐकविलें, तेव्हां ते म्हणाले, "देवाला म्हणतात, एकटाच आहेस का, असं."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जुन्या पेटींतील तीच महापूजा लाविली. तबकडी टक्-टक् करीत होती, तरी ती लागली. चित्र निर्मळ होतें. मूर्तीवरील तुळशीचीं पानें मोजतां यावीं इतकें निर्मळ. आम्हीं शेवटपर्यंत पाहिलें आणि संच बंद केला. ज्यासाठीं तीन वर्षें वर्गणी भरली तें त्या पेटींत कधींच नव्हतें. पेटीनें आपल्याकडून कांहीं चूक केली नव्हती. तिला जें सांगितलें तें तिनें चोख सांठविलें. तिला दूरचित्रवाणीकडे तोंड करून ठेवलें होतें, आणि जें सांठविण्यासारखें होतें तें पाटावर बसलेलें होतें.

यानंतर निवड करण्यास एक दुपार पुरली. घरासाठीं विनावर्गणीची छत्री घेतली. कुटुंबाच्या दोन मालिका चिरंजीवांनीं तिच्या मोबाईलवर लावून दिल्या. ती त्या चष्मा लावून दुपारीं पाहते आणि चित्र लहान असल्याची तक्रार करिते. नातवाचें तें दीड मिनिट चार ठिकाणीं उतरवून ठेवलें आहे. त्यास वर्गणी नाहीं. जुन्या पेटीची मुदत ज्येष्ठांत संपली, ती आम्हीं संपूं दिली. छत्री बसविणाऱ्यानें जुनी काढून नवी आग्नेयेकडे फिरवून बसविली, आणि वाहिन्यांची यादी लावतांना यादगिरीवर येऊन विचारलें, "ही तेलुगु आहे, काढू का सर?" कुटुंब आंतून म्हणालें, "राहू द्या."

६ जुलै २०२५ रोजीं आषाढी झाली. आदल्या रात्रीं आम्हीं नव्या पेटीस पेन-ड्राइव्ह लावून, वेळ नेमून, दोनदां तपासून झोंपलों होतों. दोन वाजतां जाग आली. कुटुंब आधींच उठलेलें होतें. समई लावलेली होती. शेजारच्या घरीं दिवा दिसला म्हणून तिनें हांक मारली, तेव्हां तेथील म्हाताऱ्या आजी, एकदां रामायणाला येत असत त्या, काठी टेकीत आल्या आणि भिंतीशीं बसल्या. पाऊस नव्हता. पूजा संपेपर्यंत कोणी उठलें नाहीं. नंतर चहा झाला, आजींनीं १९८७ च्या ओसरीच्या गोष्टी काढल्या, आणि उजाडलें. पेन-ड्राइव्हवर ती महापूजा नीट उतरली आहे कीं नाहीं, हें आम्हीं अद्यापि पाहिलेलें नाहीं.